दोन टन की दीड? त्रिमूर्तीनगरातल्या एका घराच्या एसीचा पूर्ण हिशेब

नागपुरात एसी घ्यायचा म्हटलं की लोक आधी दुकानात जातात. माझं म्हणणं आहे, आधी गच्चीवर जा, मग मीटरच्या खोक्यापाशी जा, आणि दुकानात सगळ्यात शेवटी जा. मी वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे एसी आल्यानंतरच्या भानगडी मला जास्त बघायला मिळतात. खाली मांडलेल्या घरानं मला खरेदीच्या आधी बोलावलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. यातले दर त्या घराला त्या हंगामात पडलेले आहेत. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल, पण खर्चाच्या बाबी याच राहतील.

घर त्रिमूर्तीनगरातलं, एकमजली, नव्वदच्या दशकात बांधलेलं. घरात निवृत्त शिक्षक, त्यांच्या पत्नी आणि सरांच्या ८६ वर्षांच्या आई. मुलगा पुण्याला. एसी हवा होता तो मागच्या बेडरूमला, कारण आजी तिथं झोपतात. खोली १२ बाय १३ फूट. वर थेट स्लॅब, पश्चिमेची भिंत पूर्ण उन्हात आणि त्याच भिंतीत चार बाय चारची खिडकी. हॉलला एक आणि या खोलीला एक असे दोन कूलर. होळी झाली की बाहेर काढायचे, ताट्या (कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या) बदलायच्या आणि जूनपर्यंत चालवायचे, हा शिरस्ता.

कूलरला मी नावं ठेवणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ४४-४५ अंशांतही चांगली ताटी लावलेला कूलर खोली राहण्याजोगी करतो, आणि वीज जेमतेम दोनशे वॅट खातो. अडचण मृग लागल्यावर होते. हवेत ओल आली की पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही की थंडावा नाही. मग कूलर म्हणजे दमट वारा फेकणारा पंखा. आजींचं दुखणं नेमकं हेच होतं. "ते ओलं वारं माह्या हाडात शिरते," असं त्या म्हणायच्या. त्यातून रोज टाकी भरायची, आणि सरांची कंबर आता बादल्या उचलू देत नाही. तेव्हा गरज खरी होती. तीही मुख्यतः दोन वेळची: रात्रीची, आणि जूनच्या मध्यापासून पुढच्या उकाड्यातली. गरज कोणत्या वेळेची आहे हे आधी ठरलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

सर दुकानातून एक कागद घेऊन आले होते. दोन टन, तीन स्टार, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा), ४६,००० रुपये, "इन्स्टॉलेशन फ्री". विक्रेत्यानं खोलीचं माप विचारलं होतं, छत विचारलं नव्हतं. "नागपूरले दीड टन पुरतच नाही काका," एवढ्यावर दोन टनाचा शिक्का बसला. पुण्याचा मुलगा फोनवर सांगत होता की १५०-१६० चौरस फुटांना दीड टन भरपूर होतो, दुकानदार फसवतोय. दोघांचंही अर्धं बरोबर होतं.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, आपल्या भाषेत साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. दीड टन म्हणजे साधारण ५.२ किलोवॅट. पण हा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा. नागपुरात मे महिन्यात दुपारी ३५ अंश असतात कुठे? बाहेर ४५-४६ झाले की चांगल्या यंत्राचीही ताकद पंधरा-वीस टक्क्यांनी घटते, म्हणजे दीड टनाच्या हातात उरतात सव्वाचार-साडेचार किलोवॅट. लेबलवरचा आयएसईईआर हा कार्यक्षमतेचा आकडासुद्धा २४ ते ४३ अंशांच्या तापमानावर काढलेला असतो. आपला नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, त्या तक्त्याच्या बाहेर जातो. म्हणून विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा: ४६ अंशांवर या मॉडेलची थंड करण्याची क्षमता किती? कंपनीच्या माहितीपत्रकात असेल तर तो दाखवेल. नुसतं "५२ डिग्रीतही चालते" हे उत्तर पुरेसं नाही. चालणं वेगळं आणि थंड करणं वेगळं.

आता खोलीची बाजू. मी वहीवर ढोबळ हिशेब केला. उघड्या, काळवंडलेल्या स्लॅबमधून दुपारी उशिरा जवळपास दोन किलोवॅट उष्णता आत येत होती. पश्चिमेच्या भिंतीतून ०.६, खिडकीतून येणाऱ्या उन्हाचे आणखी ०.६. बाकीच्या भिंती, माणसं, पंखा, दाराच्या फटी मिळून सव्वा किलोवॅटच्या आत-बाहेर. बेरीज साडेचारच्या आसपास. म्हणजे भर उन्हाळ्यात दीड टनाचं यंत्र दमछाक होईस्तोवर धावलं असतं आणि तरी काठावरच राहिलं असतं. दुकानदार इथवर बरोबर होता.

चूक पुढे होती. त्या साडेचारमधली जवळपास निम्मी उष्णता एकट्या छताची होती. छताचा उपाय छतावर होतो, आणि तो टन वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतो. शिवाय जुलैत, ३० अंशांच्या दमट रात्री, याच खोलीची गरज दोन किलोवॅटवर येते. तेव्हा दोन टनाचं यंत्र खोली झटक्यात गार करतं आणि मंदावतं किंवा थांबतं. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. अंगाला गार लागतं पण चादर दमट राहते. ज्या आजींना ओलीचाच त्रास, त्यांच्या खोलीत हे नकोच.

सरांना मी म्हटलं, "सर, आधी गच्चीवर चुना मारू, खिडकीला बाहेरून चिक (बांबूचा पडदा) लावू, मग दीड टन घ्या." त्यांना ते फार साधं वाटलं. चुन्यानं असा काय फरक पडणार? तेव्हा ठरलं की यंदा चुना फक्त बेडरूमच्या डोक्यावर मारायचा आणि शेजारची खोली तशीच ठेवायची. फेब्रुवारीच्या शेवटी गच्ची घासून, भेगा भरून, चुना, पांढरं सिमेंट आणि चिकटपणासाठी डिंकाचं रसायन असे दोन हात दिले. मजुरीसकट ३,४०० रुपये. मे महिन्यात दुपारी चारला इन्फ्रारेड थर्मामीटर आतून छताला दाखवला: चुन्याखालच्या छताला ३८ अंश, शेजारच्या खोलीच्या छताला ४३. एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच स्लॅबचे हे दोन तुकडे. यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तयार पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग यापेक्षा जास्त टिकतो, पण महाग पडतो. चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे दर उन्हाळ्याआधी नव्यानं मारावा लागतो हे धरून चालावं.

खिडकीला आतून जाड पडदा होताच. पण ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बांबूची चिक बाहेरून लावली, १,६०० रुपये. छत आणि खिडकी मिळून हिशेब साडेचारवरून सव्वातीन किलोवॅटवर आला. आता दीड टन आरामात पुरत होता.

वायरिंगबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण घरमालक सगळ्यात जास्त काटकसर इथेच करतात आणि धोका सगळ्यात जास्त इथेच असतो. बेडरूममध्ये एक पॉवर पॉइंट होता. इस्त्री, कधीमधी हीटर त्यावर चालायचा, त्यामुळे एसीही चालेल असा घरच्यांचा समज. बोर्ड उघडला तर आत जुनी ॲल्युमिनियमची वायर, आणि तिचा एक पदर सॉकेटच्या स्क्रूखाली काळा पडलेला. इन्सुलेशन बोटानं दाबलं तर टरफलासारखं सुटून आलं. इस्त्री पंधरा मिनिटं चालते, एसी रात्रभर. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात सात-आठ अँपिअर घेतो आणि उन्हाळ्यात तेवढे तासन्‌तास घेत राहतो. सैल जोड अशा वेळी हळूहळू तापत जातो. जुन्या पॉइंटला नवी पिन बसवून एसी सुरू करणं मी कुणाच्याच घरी करून देत नाही.

मीटर पुढच्या ओसरीत, बेडरूम मागे. मधलं अंतर भिंतीच्या कडेनं वीस मीटरच्या वर. डीबीपासून (मीटरजवळच्या मुख्य वितरण खोक्यापासून) स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सोबत अर्थिंगची वेगळी वायर, २० अँपिअरचा सी-प्रकारचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), त्याच्याच जोडीचा सॉकेट. घराचं अर्थिंग तपासलं तर जुना पाइप पार गंजलेला, म्हणून अर्थिंग नवीन. वायरला ६,८००, एमसीबी-सॉकेट-खोकं १,१००, पट्टी आणि पाइप १,०००, अर्थिंग २,९००, मजुरी २,०००, एकूण १३,८००. सरांच्या अंदाजपत्रकात या रकमेला जागाच नव्हती. दोन टन घेतला असता तरी ती चुकली नसती. दुकानाच्या कागदावर ती कुठेच लिहिलेली नव्हती, इतकंच.

बिलावर "मंजूर भार" (घराला एका वेळी किती वीज घ्यायची मुभा आहे) असा रकाना असतो, तोही बघावा. यांचा २ किलोवॅट होता. एसी, फ्रिज आणि सकाळचा गिझर एकत्र आले की तो ओलांडला जातो. भार वाढवण्यासाठी महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तो सरांनी एसी यायच्या आधीच केला.

स्टॅबिलायझर घ्यायचा का? वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज मोजलं. रात्री दहाच्या सुमारास, गल्लीतले सगळे कूलर-एसी चालू असताना, ते २०८ च्या खाली गेलं नाही. निवडलेल्या मॉडेलचं यंत्र याहून बऱ्याच खालच्या व्होल्टेजवर चालतं, म्हणून स्टॅबिलायझर वगळला. शहराच्या कडेच्या नव्या लेआउटमध्ये रात्री व्होल्टेज १७०-१८० वर जात असेल तर निर्णय वेगळा लागेल. मोजल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नये.

स्टारचा प्रश्न सरांनीच काढला. तीन आणि पाच स्टारमध्ये किमतीचा फरक आठेक हजारांचा. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तासांच्या वापराचे. दीड टनात तीन स्टारला साडेनऊशेच्या आसपास, पाच स्टारला पावणेआठशेच्या आसपास. या घराचा वापर मी १,३०० तासांचा धरला, म्हणजे वर्षाला दीडशे युनिट वाचणार. इथे महावितरणची दराच्या टप्प्यांची (स्लॅबची) पद्धत ध्यानात घ्यावी लागते: महिन्याला १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि पुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट, आणि तिसऱ्याचा त्याहून वर. बऱ्याच लोकांना वाटतं की ३०० ओलांडलं की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही, पहिल्या शंभराला पहिलाच दर लागतो. पण एसीचे युनिट घरच्या वापराच्या वर रचले जातात, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या दराचं असतं. त्या हिशेबानं आठ हजार चारेक वर्षांत वसूल होतात. रोज एसी वापरणाऱ्या घरानं पाच स्टार घ्यावा. वर्षातून पंधरा दिवस पाहुण्यांच्या खोलीत लावायचा असेल तर तीन स्टार पुरे. एक सावधगिरी मात्र बाळगा: १ जानेवारी २०२६ पासून स्टारचे निकष कडक झाले आहेत. जुन्या साठ्यातला पाच स्टार आणि नवा पाच स्टार एक नव्हेत. स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचं वर्ष आणि आयएसईईआरचा आकडा वाचा. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय. त्याआधीच्या छापील किमतीवर "सूट" दाखवली जात असेल तर तीही तपासून घ्या.

शेवटी दीड टन, पाच स्टार, तांब्याची कॉइल, ४२,५०० रुपयांना ठरला. खरेदी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. गुढीपाडव्यानंतर बसवणाऱ्या पोरांवर इतका ताण येतो की एका दिवसात ते चार-पाच घरं उरकतात, आणि उरकण्याच्या घाईत काय सुटतं ते पुढे सांगतो.

बाहेरचं युनिट गच्चीवर ठेवायचं असं दुकानाचं ठरलेलं. त्यांना सोपं, पण पाइप सात मीटर लागला असता आणि यंत्र दिवसभर तापत्या स्लॅबवर उभं. उत्तरेच्या बाजूला घर आणि कंपाउंडमध्ये मोकळी जागा होती, सावलीची. अडचण एकच, समोर शेजाऱ्यांची स्वयंपाकघराची खिडकी. कुणाच्या ओट्यावर रात्रंदिवस गरम हवा सोडणं बरं नाही. म्हणून युनिट मागच्या कोपऱ्याकडे सरकवलं, तोंड मागच्या अंगणाकडे. भिंतीवरच्या स्टँडवर, छातीच्या उंचीला. सर्व्हिसिंगला येणाऱ्याला स्टुलावर उभं राहून काम करता यावं ही त्यातली मुख्य अट होती. भिंतीपासून फूटभर अंतर, समोर मोकळं. पाइप साडेचार मीटर. कंपनीसोबत येतो तीन मीटर, वरचा दीड मीटर ९०० रुपये मीटरनं १,३५० चा. स्टँड ९००, भिंतीला भोक पाडायचे ५००, ड्रेनचा पाइप २५०, बसवणावळ १,२००. एकूण ४,२००.

आतलं युनिट आजींच्या पलंगासमोर न लावता बाजूच्या भिंतीवर घेतलं, म्हणजे वारा पायांच्या पलीकडून जातो.

बसवायला आलेला मुलगा हुशार होता, हात चांगला होता. पाइपची टोकं फ्लेअर करून (कर्ण्यासारखी पसरवून) नट आवळले आणि युनिटमधला थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा बाहेर ढकलायच्या तयारीत होता. मी म्हटलं, "दादा, व्हॅक्यूम पंप लावा." तो म्हणाला, "भाऊ, एवढ्या पाइपले पंप कोणी नाही लावत." पाइपमध्ये हवा आणि ओल राहिली तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. कॉम्प्रेसर दोन-तीन वर्षांनी बोलतो, तेव्हा बसवणारा कुठे असतो? आणि आता बहुतेक एसींत असलेला आर-३२ वायू सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. तो खोलीत-अंगणात सोडून हवा काढणं तसंही योग्य नाही. शेवटी गाडीतून पंप आला. वीस-पंचवीस मिनिटांनी गेजचा काटा तळाला गेला, पंप बंद केला, आणि आम्ही काट्याकडे बघत बसलो. पाचेक मिनिटांत काटा सावकाश वर यायला लागला. कुठेतरी गळती होती. आतल्या बाजूचा नट उघडला तर फ्लेअरच्या कडेला केसाएवढी चीर. टोक कापलं, नवा फ्लेअर केला, पुन्हा पंप. या वेळी काटा पंधरा मिनिटं जागचा हलला नाही. मग ॲलन कीनं व्हॉल्व्ह उघडले. त्या मुलानं स्वतःच मान्य केलं की ही चीर राहिली असती तर ऐन मे महिन्यात "गॅस संपला" म्हणून तक्रार आली असती आणि तीन-साडेतीन हजारांचा गॅस भरून वर्षभरात पुन्हा तेच झालं असतं.

एकूण खर्च: यंत्र ४२,५००, बसवणं ४,२००, वायरिंग १३,८००, चुना ३,४००, चिक १,६००. बेरीज ६५,५००. दुकानाचा ४६,००० चा कागद पूर्ण लिहून काढला तर त्यात चार मीटर जादा पाइपचे ३,६००, गच्चीच्या स्टँडचे १,२००, भोक आणि ड्रेनचे ७५०, त्यांनी सुचवलेल्या स्टॅबिलायझरचे ४,५००, आणि तेच १३,८०० चं वायरिंग मिळून ६९,८५० होतात. गच्ची तापलेलीच राहिली असती ती वेगळी.

मे महिन्यातला अनुभव असा. रात्री २६ अंशांवर, पंखा एकवर. २०२० पासूनच्या नियमानं एसी सुरू करताच २४ वर येतो, पण आजींना २६ च बरा वाटतो, आणि वाढवलेल्या दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. दुपारी दोनेक तास. मागच्या मे महिन्यात १९० युनिट होते, यंदा ४०५ आले. बिल अडीचपटीच्या आसपास गेलं. हे सरांना आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही. हॉलचा कूलर चालूच आहे. फक्त एसीच्या खोलीचं दार लावून. कूलरची ओल तिकडे गेली तर एसी तिचं पाणी करण्यातच ताकद घालवतो. मे महिन्यात ड्रेनच्या पाइपातून थेंबही पडत नाही म्हणून काकूंनी (सरांच्या पत्नींनी) घाबरून फोन केला होता. हवाच कोरडी आहे, पाणी येणार कुठून? जुलैत त्याच पाइपाखाली रात्रीत बादली भरायला लागली. ते पाणी आता जास्वंदीला जातं.

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, कारण आपल्याकडची उन्हाळी धूळ ती पंधरा दिवसांतच भरून टाकते. पाण्याची पूर्ण सर्व्हिसिंग फेब्रुवारीत, गर्दी व्हायच्या आधी.

सर आता घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या पीएम सूर्यघर योजनेचा विचार करताहेत. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल बेडरूमच्या आणि शेजारच्या खोलीच्या डोक्यावर येतील अशी आखणी मी सुचवली आहे, म्हणजे वीजही होईल आणि स्लॅबला सावलीही मिळेल. मुलगा हॉललाही एसी लावा म्हणतोय. सरांनी पुढच्या उन्हाळ्याआधी तिथे फक्त चुना मारायचं ठरवलंय. डीबीत एका एमसीबीची जागा मोकळी सोडली आहे.